औषध खिडकीवरच्या भाऊंना, मिस कॉलवाल्या

भाऊ, नमस्कार.

मी सदतीस नंबर, सिकलसेलची पेशंट. नावाने तुम्ही मला कधी हाक मारलीच नाही, "सदतीस, रिपोर्ट आणला का" एवढंच, म्हणून नंबरच सांगते, लगेच ओळखाल. तुमची ऑर्डर दुसऱ्या तालुक्याला निघाली हे मला मागच्या महिन्यात खिडकीवर गेल्यावर कळलं. आत एक नवीन मॅडम बसलेल्या, तुमची ती तुटक्या हाताची खुर्ची तशीच. मी विचारलं भाऊ कुठे गेले जी, तर म्हणाल्या कोण भाऊ. मग मला लक्षात आलं की चार वर्षांत मलाही तुमचं नाव माहीत नाही, म्हणजे आपला हिशोब बरोबरीचा झाला.

तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये 'गोळी' नावाने सेव्ह आहे. फोन करून थँक्यू म्हणायचं ठरवलं होतं पण तुम्ही उचलून "काय झालं, ताप आहे का" असंच विचारणार आणि मी नाही म्हटलं की ठेवून देणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहिते. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण सरकारी दवाखान्याला शिव्या देणारं मी भरपूर बोललेय, सगळ्यांसमोरच बोललेय, मग हेही तसंच बोललं पाहिजे.

पहिली भेट आठवते का? २०२१ चा पावसाळा, धानाच्या रोवणीचे दिवस. तुम्हाला नसेल आठवत, तुमच्यावर रोज कोणीतरी ओरडतच असतं. मी पहाटे साडेपाचला घरून निघालेली, सहाची एसटी, चौसष्ट किलोमीटर, मग केस पेपरची लाईन, मग ओपीडीची लाईन, आत डॉक्टरांनी मान वर न करता कागदावर 'सीटी ऑल' खरडलं म्हणजे आधीचंच सगळं चालू ठेवा, एक मिनिट पण लागला नाही, मग तुमची लाईन. पाऊण तासाने माझा नंबर आला तर तुम्ही म्हणालात, "हायड्रॉक्सी नाही. फॉलिक घेऊन जा." हायड्रॉक्सी म्हणजे माझी सिकलसेलची रोजची मुख्य गोळी, फॉलिक म्हणजे नुसती व्हिटॅमिनची. सलग तिसरी खेप होती माझी. तिन्ही वेळा फॉलिक. मायने त्या दिवशी रोवणीची तीनशे रुपये मजुरी सोडली होती माझ्यासोबत यायला, कारण एकटी आले आणि रस्त्यात दुखणं उठलं तर उचलणार कोण. मी त्या खिडकीच्या फळीवर हात आपटून जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागची लाईन पण माझ्या बाजूने ओरडायला लागली.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्यावर ओरडून गोळी येत असती न, तर मीच सकाळपासून ओरडत बसलो असतो."

आणि मग एक वही काढली. साधी लांबडी वही, निळ्या कव्हरची. गाव कोणतं, फोन कोणाचा, दिवसाला किती गोळ्या. म्हणालात, "माझा मिस कॉल आला म्हणजे गोळी आली. उचलायचा नाही, माझा बॅलन्स जातो. मिस कॉल नाही आला तर यायचं नाही." मी तेव्हा मनात म्हटलं हा माणूस मला गप करायला वही भरतोय. अकरा दिवसांनी दुपारी फोन वाजला आणि कट झाला.

ज्यांना सिकलसेल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागाच्या, बाहेर अर्ध्या लोकांना हे नावच माहीत नसतं, आणि पुण्यात माझ्या मावसबहिणीच्या घरमालकिणीने तर विचारलं होतं की हे जवळ बसल्याने होतं का. नाही होत. आईबापाकडून येतं. माझी माय आणि बाबा दोघंही एएस, म्हणजे त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण दोघंही असे असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक चान्स असतो पूर्ण रोगाचा, एसएसचा. आमच्या घरी तो एक चान्स दोनदा लागला. मोठा भाऊ सहा वर्षांचा असताना गेला, तेव्हा कावीळ म्हणाले, झाडफूक झाली, कोणालाच कळलं नाही. मी आठवीत असताना शाळेत तपासणी झाली तेव्हा माझं निघालं आणि त्या दिवशी मायला तिच्या पोराचं पण कळलं, इतक्या वर्षांनी.

रक्तातल्या लाल पेशी गोल असायला पाहिजे त्या माझ्या विळ्यासारख्या होतात. आमच्याकडे धान कापायला विळा लागतो म्हणून हे समजावून सांगायला सोपं जातं. गोल पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची दहा-वीस दिवसांतच मरते, म्हणून रक्त कधी भरतच नाही, माझं हिमोग्लोबिन सातच्या वर गेलं की घरी गोड करायचं बाकी असतं. आणि त्या विळ्यासारख्या पेशी बारीक नसांत अडकल्या की पुढे रक्त जात नाही आणि मग जे दुखतं त्याला क्रायसिस म्हणतात. हाडाच्या आतून दुखतं. दाताचा ठणका मांडीच्या हाडात घातला तर कसं वाटेल तसं. थंडी, पावसात भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, जास्त मेहनत, कशानेही उठतं. म्हणजे बांधीत, धानाच्या शेतात, पाण्यात उभं राहून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचं काम माझ्यासाठी नाहीच, आणि आमच्या गावात दुसरं काम नाही. मी ब्लाऊज शिवते. चांगले शिवते.

हायड्रॉक्सीयुरियाने रोग जात नाही पण क्रायसिस कमी होतात, रक्त कमी वेळा द्यावं लागतं. अट एकच, रोज खायची, महिनोन्महिने, मध्ये तोडायची नाही. आणि आमच्याकडे तुटायची ती नेमकी हीच गोळी. पॅरासिटामॉल कधी संपलं नाही, फॉलिक तर माझ्याकडे बरणी भरून आहे.

लोक म्हणतात बाहेरून घ्यायची न. घेतली. तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर तो माणूस चार लोकांसमोर म्हणतो, "ही कॅन्सरची गोळी आहे, कोणाला झाला?" ती कॅन्सरमध्ये पण देतात, हे खरं आहे. पण संध्याकाळपर्यंत गावात झालं की अमक्याच्या पोरीला कॅन्सर आहे, आणि एक पाहुणे येणार होते ते आलेच नाहीत. बरं ते नाही आले तेही चांगलंच झालं, त्यांच्या पोराची तपासणी झालेली नव्हती आणि "आमच्या खानदानात असलं काही नाही" म्हणत होते, पण तो वेगळा विषय आहे. मुद्दा हा की रोज दोन गोळ्या, एकीचे दहा-बारा रुपये, महिन्याला सातशेच्या आसपास, आणि माझे सातशे म्हणजे किती ब्लाऊज ते माझं मला माहीत.

तुम्ही मला पैसे दिले नाही, गोळी खिशातून आणून दिली नाही. तुम्ही माझे दिवस वाचवले. फुकट गेलेला दिवस कुठल्याच हिशोबात येत नाही भाऊ. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केस पेपरचे पैसे बंद झाले, चांगलंच झालं, मी नावं ठेवत नाही. पण त्या दहा रुपयांसाठी मी कधी रडले नव्हते. मी रडले ते परतीच्या एसटीत, पिशवीत फॉलिकच्या दोन पाकिटांसोबत, माय खिडकीला डोकं टेकून झोपलेली आणि तिची एक दिवसाची मजुरी गेलेली. तुमच्या वहीनंतर असा फुकटचा फेरा मला फक्त एकदा पडला, तोही माझ्या चुकीने, मिस कॉल दुसऱ्या कोणाचा होता आणि मी घाईत नंबर न बघता निघाले. तेव्हा तुम्ही म्हणालात "नंबर बघत जा न बाई" आणि तुमच्या डब्यातली अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी खिडकीतून बाहेर सरकवली. मीठ जास्त होतं. आता सांगायला हरकत नाही.

गोळी आली तरी तुमचा चिडकेपणा होताच. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचा, रिपोर्ट नसेल तर गोळी नाही म्हणजे नाही. मला वाटायचं हा कोण डॉक्टर लागून गेला. एकदा मी भांडले तेव्हा तुम्ही चिठ्ठीच्या मागे पेनाने दोन बाण काढून दाखवलं, या गोळीने पांढऱ्या पेशी पण खाली येऊ शकतात, किती खाली गेल्या ते न बघता दिली तर साध्या तापाने माणूस जाऊ शकतो. मला आधी हे कोणी सांगितलंच नव्हतं. दीड वर्षं मी ती गोळी खात होते आणि मला हे माहीत नव्हतं. लग्न झालं तर मूल होऊ द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून ही बंद करावी लागते हेही तुम्हीच सांगितलं, खाली बघत, लाजत, आणि "सिस्टरला विचारा बाकीचं" म्हणून लगेच पुढचा नंबर पुकारला. त्याच चिठ्ठीच्या मागे तुम्ही लिहिलेलं, 'पाणी भरपूर. ताप १०१ च्या वर गेला की वाट पाहायची नाही, निघायचं.' ती चिठ्ठी मायने देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीला चिकटवलीय, कुंकू लागलंय तिला.

आता त्या दिवसाचं. २०२२ ची दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडायला लागली होती. मला क्रायसिस उठला आणि भाड्याच्या गाडीने आणलं तेव्हा दुपारचे दीड-दोन वाजले असतील. कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर होते. मी कण्हत होते, कधी ओरडत होते. ते म्हणाले बीपी ठीक आहे, ताप नाही, सूज नाही, हिला इंजेक्शनची सवय लागली आहे, असे पेशंट येतात. आणि बाजूच्या कोणाला तरी म्हणाले, नाटक आहे. (आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्रभर नाटकं चालतात हे खरं आहे, पण त्यात काम करणाऱ्याला नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, मिळतात डॉक्टरसाहेब, मला काय मिळत होतं?) तेव्हा हसू नव्हतं येत. माय त्यांच्या पाया पडत होती. मला दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. ज्या रोगात बाहेरून काही दिसत नाही, हात-पाय जागेवर, रंग फक्त थोडा पिवळा, त्यात तुम्हाला आधी दुखतंय हे सिद्ध करावं लागतं आणि मग औषध. एसटीच्या सवलतीच्या पासवर पण कंडक्टर विचारतो, "इतकी धडधाकट दिसते, कोणती बिमारी आहे?" २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यात आहे, हे मी आता कागद दाखवून सांगते, पण स्ट्रेचरवर झोपून कायदा सांगता येत नाही.

माय तुमच्या खिडकीवर धावली. तिला दुसरं कोणी माहीतच नव्हतं त्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये. तुम्ही खिडकी बंद करून आलात, बाहेर तीस-चाळीस लोकांची लाईन, त्यांच्या शिव्या मला आतपर्यंत ऐकू येत होत्या. हातात निळी वही. तुम्ही डॉक्टरांशी भांडला नाही, आवाज पण चढवला नाही. एवढंच म्हणालात, "सर, ही आपल्या रजिस्टरची पेशंट आहे, एसएस. पंधरा महिन्यांपासून गोळ्या घेऊन राहिली, एक पण खेप चुकली नाही. मागच्या खेपेला सलाईन आणि ट्रामाडॉलवर उतरलं होतं, तिच्या डिस्चार्ज कार्डावर आहे." वहीचं पान उघडून दाखवलं. माझ्या नावासमोर तारखाच तारखा, तुमच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात.

डॉक्टरांनी पान बघितलं, मग मला बघितलं. सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. त्या डॉक्टरांचा राग नाही आता, सलग छत्तीस तास ड्युटी होती त्यांची म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी राऊंडला येऊन त्यांनी विचारलं, "नेहमी कोणत्या औषधाने बरं वाटतं?" हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला. पण पहिल्या दिवशी ते मला पेशंट समजले ते तुमच्या वहीमुळे. मी इतकी वर्षं वेदना सांगत होते, कोणी ऐकेना. वहीतल्या तारखांवर मात्र लगेच विश्वास बसला. यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा रक्त पण लागलं, दोन बॅगा. सिकलसेलवाल्यांना रक्त मोफत असतं, पण "बदली डोनर आणा" हे सांगायला लोक विसरत नाही. रात्री आठ वाजता चौसष्ट किलोमीटरवरून कोण येणार डोनर? ते पण कसं जमलं मला माहीत नाही, तुमचा काही हात होता की नाही तेही तुम्ही कधी सांगितलं नाही, म्हणून त्याचे आभार अर्धेच मानते.

पुढच्या वर्षी १ जुलै २०२३ ला शहडोलला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत रोग संपवायचा, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. आमच्या गावात पण तपासणीची टीम आली, बोटाला टोचलं, कार्ड दिले. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, तपासणी तर माझी आठवीतच झाली, माझी गोळी कुठे आहे? ते बिचारे काय बोलणार. तपासणी व्हायलाच पाहिजे, माझ्या मायबाबांची लग्नाआधी झाली असती तर कितीतरी गोष्टी वेगळ्या असत्या. पण नवीन कार्ड निघत राहिले आणि जुन्यांच्या गोळ्या येईनात, तर ती कार्डं ठेवायची कशात, फॉलिकच्या बरणीत?

गोळी का येत नाही हे तुम्ही एकदा मला समजावलं होतं, लाईन नव्हती त्या दिवशी, पाऊस फार होता. ऑनलाईन ई-औषधीवर मागणी टाकायची, ती वर जाते, वरून खरेदी होते, कधी टेंडर अडकतं, कधी आपण मागितलं हजार आणि आलं दोनशे. आणि तेव्हाच तुम्हाला फोन आला की एका लांबच्या आरोग्य केंद्रात हीच गोळी पडून आहे, तिथे तेवढे पेशंट नाहीत, तीन महिन्यांत एक्सपायरी. तुम्ही रेनकोट घालून निघालात मोठ्या साहेबांची सही आणायला. म्हणजे गोळी जिल्ह्यात होती भाऊ! मी इकडे दुखण्याने गडबडा लोळत होते आणि ती तिकडे कपाटात होती. याचा राग माझा अजून गेला नाही आणि जायला पण नको.

त्या आणलेल्या गोळ्या तुम्ही सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्याच दिल्या. लोक चिडले, मी पण चिडले, महिन्याच्या द्या न. तुम्ही वही पालथी घालून दाखवली, ब्याऐंशी नावं होती. मग मी गप.

आणि एक माफी राहिली. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास कंत्राटी लोकांचा संप झाला तेव्हा मी तुम्हाला मंडपात बसलेलं बघून टोमणा मारला होता, की तुम्ही पण बसलात आता, आमचं काय. तेव्हा मला माहीतच नव्हतं की तुम्ही कंत्राटी आहात. मला वाटायचं खिडकीच्या आत बसलेला माणूस म्हणजे पक्का सरकारी, पेन्शनवाला. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस खंड, मग परत ऑर्डर, असं किती वर्षं चाललं होतं ते तुमच्या बाजूला बसलेल्या सिस्टरने सांगितलं. तुम्ही टोमण्यावर काही बोलला नाही. फक्त म्हणालात, "सदतीस, तुझ्या गोळ्या आठ नंबरच्या सिस्टरकडे ठेवल्या आहेत, पाकिटावर नंबर आहे." सॉरी भाऊ. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

माझी तब्येत म्हणाल तर आता उजवा खुबा दुखतो, एक्स-रेमध्ये हाडाचा गोळा झिजलेला दिसतो, रक्त पोचलं नाही तर होतं म्हणे असं. चालताना थोडी लंगडते, मशीन डाव्या पायाने चालवायला शिकले. पण गेल्या वर्षभरात ॲडमिट फक्त एकदा झाले, आणि त्याआधीच्या वर्षी पाच वेळा. हे तुम्हाला सांगायचंच होतं, तुमच्याकडे बाकी सगळं लिहिलेलं असतं पण हे नसणार.

नवीन मॅडमना मी वहीबद्दल विचारलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, आत होती, तुमच्या पेनासकट. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या मागच्या लाईनमधल्या एका आजोबांनी पण सांगितलं, त्यांचा नातू अठ्ठावन नंबर. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे आधीच दोन माणसांचं काम आहे, बघू. मी काही बोलले नाही. ओरडून गोळी येत नाही हे शिकलेय मी.

परवा सकाळी मशीनवर बसले होते, फोन वाजला आणि मी हात पुसेपर्यंत कट झाला. नवीन नंबर. गेले, गोळ्या होत्या, महिनाभराच्या. वहीची शेवटची दोन पानं उरली होती म्हणून बसस्टँडवरून दोनशे पानी घेऊन खिडकीत ठेवली, यावेळी लाल कव्हरची मिळाली, निळी नव्हती.

तुमची,
सदतीस

ता.क. खर्रा, ती तंबाखू-सुपारी, सोडा भाऊ. औषधवाला माणूस तुम्ही, आणि खिडकीखालच्या त्या कोपऱ्याकडे नवीन मॅडम कशा बघत होत्या ते मी पाहिलंय.